ओहायोच्या मार्गारेटची गोधडी

एखाद्या मालावर विक्रीकर लागतो की नाही, लागला तर कुणाला, आणि लागत नसेल तर का नाही, हे मला भर रस्त्यात अडवून विचारा, हातातला चहा निवायच्या आत उत्तर देईन, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगत असे. पूर्वी म्हणजे १९९९च्या पावसाळ्यापर्यंत. मी यशोधरा, तेव्हा नगरला विक्रीकर निरीक्षक होते. साधी फरसाणाची पुडी समोर आली तरी माझं डोकं आधी तिचं वर्गीकरण करायचं आणि मग हात पुडीत जायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाला मी कांदेपोह्यांच्या मधेच, तुमच्या दुकानाची नोंदणी झालीय का, असं विचारलं होतं. तो पोहे अर्धवट टाकून गेला. उरलेले पोहे आईने मलाच खायला लावले.

त्या वर्षी आमच्या ऑफिसाकडे वरून विचारणा झाली. आता इंटरनेट आलंय, लोक दुकान न थाटता जगभर माल विकणार, तेव्हा अशा व्यापारावर कर कसा बसवावा आणि कायद्यात काय बदल करावेत, याच्या सूचना पाठवा. आमचे साहेब काकासाहेब. हे त्यांचं नाव, ते कुणाचे काका नव्हते. ते मोठ्या काळजीत पडले.

"मॅडम, दुकान नाही म्हणजे पाटी नाही," ते म्हणाले. "आणि पाटीच नसली तर आपण जीप थांबवायची कुठं?"

"साहेब, दुकान हवेत असलं तरी माल हवेत नसतो," मी म्हणाले. "कुणीतरी तो बनवतं, कुणीतरी बांधतं, कुणीतरी विकत घेतं. त्यात कर कुठं धरायचा ते मी शोधून काढते. माझ्यावर सोडा."

साहेबांनी लगेच सोडलं. ऑफिसात कॉम्प्युटर एकच होता आणि तो खोक्यात होता. खोकं उघडायचा आदेश अजून यायचा होता.

मला मात्र खोकं उघडायची गरज नव्हती. इंटरनेटवरचं दुकान माझ्या घरातच होतं. माझा धाकटा भाऊ सम्राट जामखेडला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. पुण्याला कोर्स करून आल्यावर त्याने आईच्या गोधड्यांचं इंग्रजी पान इंटरनेटवर टाकलं होतं. पानावर तीन गोधड्या आणि एक आई. गोधड्या सुंदर दिसत होत्या. आईचा चेहरा मात्र असा होता, की बघणाऱ्याने आपण काही चोरलंय का म्हणून खिसे चाचपावेत. पान किती जणांनी पाहिलं हे सांगणारा आकडा खाली होता. तो रोज वाढायचा, कारण सम्राट रोज पाहायचा.

गिऱ्हाईक एकही नव्हतं. आणि मला तर डोळ्यांसमोर घडलेला एक व्यवहार हवा होता. आईची उलाढाल एवढीशी, की कायदा तिच्याकडे मान वळवूनही बघणार नाही, आणि परदेशी माल गेला तर त्याला कर नाही, हे मला माहीत होतं. पण सूचना लिहायच्या तर उदाहरण जिवंत पाहिजे. मग मी ठरवलं, की गिऱ्हाईक आपणच व्हायचं. आमच्या खात्यात अशी खोटी खरेदी करून दुकानदार बिल देतो का ते बघतात. त्यात गैर काही नाही. फक्त आजवर ती कुणी स्वतःच्या आईवर केली नसावी.

नगरातच सावेडीला नवा सायबर कॅफे निघाला होता. तिथे बसून मी सम्राटच्या पानावर ऑर्डर टाकली. नाव मार्गारेट, गाव ओहायोतलं. पत्ता म्हणून आमच्या ऑफिसातल्या खोक्यावर छापलेला, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचा अमेरिकेतला पत्ता जसाच्या तसा उतरवला. गोधडी प्रत्यक्ष पाठवायची वेळ आली की ऑर्डर रद्द करायची, असा माझा बेत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सम्राटचा फोन.

"ताई, आईला अमेरिकेतून ऑर्डर आली. मार्गारेट म्हणून बाई आहे. आई सकाळपासून गल्लीत सांगत फिरतीय."

"अरे वा," मी म्हणाले. "बिल देणार का तिला?"

"तू ना, कधीतरी नुसतं अभिनंदन कर."

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हनावं, पैशाचं मागनं बगू. आदी गोधडी पसंत पडू दे बाईला."

इथवर सगळं माझ्या हातात होतं. मग आईने हट्ट धरला, की ज्या बाईला गोधडी शिवायची तिच्याशी बोलल्याशिवाय सुईत दोरा ओवायचा नाही. सम्राटने मार्गारेटला कळवलं, की आमच्या आईला तुमच्याशी बोलायचंय, कॉम्प्युटरवर टाइप करून बोलता येईल का. नाही म्हणावं तर व्यवहार तिथेच मोडला असता. मी हो म्हणाले.

तेव्हापासून आमचं ऑफिस सुटलं, की ओहायोत उजाडायचं. मी सावेडीला कॅफेत, आई आणि सम्राट जामखेडला क्लासमध्ये. आई मराठीत सांगायची, सम्राट त्याचं इंग्रजी करून पाठवायचा, मी इंग्रजीत उत्तर द्यायची. सम्राटचं इंग्रजी अस्सल जामखेडचं होतं, त्यामुळे मला त्यातून आईचाच आवाज ऐकू यायचा.

पहिला प्रश्न आला, तुमच्याकडे थंडी किती. मी लिहिलं, फार. दुसरा, घरात कोण कोण. आता नवरा म्हणावं तर त्याची नोकरी आली, मुलं म्हणावीत तर त्यांच्या यत्ता आल्या. मी लिहिलं, एकटी असते. मग आला प्रश्न, आई कुठे असते. मी घाईत होते. कॅफेवाल्याचं घड्याळ पुढे चाललं होतं. मी लिहून टाकलं, आई नाही.

मग सम्राटने लिहिलं, "माझी आई म्हणते, फार वाईट झालं. ती म्हणते, गोधडी जाड शिवीन."

तिथे मी उठायला हवं होतं. उठले नाही. आईला बोलायला एक परकी बाई मिळाली होती आणि ती पाण्यासारखी बोलत सुटली होती. ती मार्गारेटला सांगायची, की वडील गेल्यावर तिने शिलाईवर घर कसं ओढलं, गोधडीत कुठला टाका कुणाकडून उचलला, आणि जामखेडला नळाचं पाणी कसं येतं. आणि एकदा तिने माझ्याबद्दल सांगितलं. माझी मुलगी सरकारी अधिकारी आहे, ती जीपमधून उतरते तेव्हा मला फार बरं वाटतं, तिचं लग्न जमलं नाही तरी मला तिची काळजी नाही. पण हे तिला सांगणार नाही, कारण मग ती कुणाचंच ऐकणार नाही.

मला आई दर रविवारी फोनवर लग्नावरून बोलायची. दर रविवारी. मी त्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघत राहिले. शेवटी कॅफेवाल्याने विचारलं, "मॅडम, लाईन गेली का?"

आता मी ऑर्डर रद्द कशी करणार होते?

इकडे साहेब सूचनांसाठी मागे लागले. मी सांगून ठेवलं होतं, की जामखेडला एक ऑनलाइन विक्रेता सापडलाय आणि त्याचा एक परदेशी व्यवहार मी नजरेखाली ठेवलाय. विक्रेता म्हणजे आई आणि परदेश म्हणजे मी, हे बोलले नव्हते. एके सकाळी साहेब म्हणाले, "चला, जामखेडला. हे हवेतलं दुकान मला डोळ्यांनी बघायचंय."

जीप आमच्या दारात थांबली. शेजारच्या गोजरबाई धुणं टाकून धावत आल्या.

"अगं बनाबाई, तुज्या पोरीनं तुज्याच घरावर धाड आनली व्हय?"

आई दारात आली. "यशे, आलीस व्हय? आनि हे कोन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ह्या तुमच्या आई?"

"हो साहेब."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"गोपनीयता, साहेब," मी म्हणाले.

साहेब आत आले आणि आपलं ऑनलाइन दुकान कुठे आहे, असं त्यांनी आईला अदबीने विचारलं. आई म्हणाली, "दुकान त्या सम्राटच्या डब्यात हाय. माल हितं हाय." आणि तिने खाटेवर गोधडी पसरली.

मी आईच्या गोधड्यांत वाढले, पण अशी गोधडी पाहिली नव्हती. कडेला हिरव्या-तांबड्या खणांच्या चौकटी, आत निळ्या लुगड्यांचे पट्टे, एकाला एक लागून धावदोरा, आणि मधोमध पांढऱ्या कापडाचा मोठा चौकोन. ते पांढरं कापड मी ओळखलं. आक्काबाई, माझी आजी, छप्पन्न साली नागपूरला दीक्षेला गेली तेव्हा जे पांढरं लुगडं नेसली होती, ते आईच्या पेटीत असायचं. लहानपणी आई ते वर्षातून एकदा उन्हात घालायची आणि आम्हाला हात धुऊन मगच शिवू द्यायची. ते पुढेमागे माझ्याकडे येणार, असं मी न विचारताच धरून चालले होते.

"आई, हे आजीचं?"

"व्हय. घडीवर इरायला लागलं हुतं. त्या बाईला आई न्हाई म्हनली. म्हनलं, माज्या आईचं पांघरील."

मी पुढे केलेला हात मागे घेतला, तो धुतलेला नव्हता. साहेबांनी मात्र गोधडीवरून हात फिरवला आणि चष्मा काढून पुसला. त्यांच्याही आईच्या गोधड्या त्यांच्या गावी, राजूरला, थंडीत किती उबदार वाटायच्या, ते त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितलं. करासंबंधी त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही आईला नव्हे. "मॅडम, हा माल पाठवायचा कधी?"

"बघू, साहेब. घाई नाही," मी म्हणाले.

"घाई कशी नाही? तिकडं थंडी पडायला लागली असेल. आपण नगरलाच चाललोय. मोठ्या पोस्टात मी स्वतः नेऊन देतो. जिल्ह्याची निर्यात आहे."

आईने गोधडी चादरीत शिवून बंद केली, सम्राटने ठळक अक्षरात पत्ता आणि खाली आपला ईमेल घातला. वाटेत मी म्हणाले, "साहेब, माझ्याकडे द्या ना ते गाठोडं."

"राहू द्या."

"पत्ता एकदा तपासून घ्यायला पाहिजे."

"पत्ता अगदी स्वच्छ आहे."

ते खरं होतं. कंपनीने छापलेलाच पत्ता होता तो. आष्टीच्या पुढचे खड्डे आले तसं साहेबांनी गाठोडं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्यांच्या मांडीवर माझी आजी होती आणि मी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा साहेब म्हणाले, "तुमची आई फार मोठ्या मनाची बाई आहे." दुसऱ्यांदा खड्डा आला आणि साहेब गाठोडं सावरायला लागले. नगर आलं. साहेब स्वतः पोस्टाच्या रांगेत उभे राहिले.

पुढचे काही आठवडे मी मार्गारेटला कामात गुंतवून टाकलं. ती बोलायला यायची थांबली. माझी आशा एवढीच होती, की असली बाई तिथे नाही म्हणून पार्सल मुकाट्याने परत येईल.

पार्सल आलं नाही. सम्राटचा फोन आला.

"ताई, घोटाळा झालाय. त्या पत्त्यावर कंपनी आहे. तिथल्या दाराशी बसणाऱ्या बाईने, डोलोरेस नाव तिचं, तिने कळवलंय, की मार्गारेट नावाचं इथं कुणी नाही. हे सुंदर पांघरूण कुणाचं आहे आणि कुठं पाठवू, असं विचारतीय."

"आई काय म्हणते?"

"तिला गोधडीचं काहीच नाही. ती म्हणते, बाई बोलायची थांबली आणि आता तिथं नाही म्हणतात, म्हणजे गेलीच. एकटी होती, थंडीत गेली. सकाळी बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली तिच्यासाठी. जेवली पण नाही."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पहिली मिळेल ती एसटी पकडली.

आई ओट्याशी बसून डाळ निवडत होती. मेणबत्ती अजून जळत होती. मी चप्पल काढायच्या आधीच बोलून मोकळी झाले.

"आई, मार्गारेट मेली नाही."

"तुला काय ठावं?"

"ती मीच होते."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तू आमेरिकेला कधी गेल्तीस?"

"अमेरिकेला नाही. सावेडीला."

मी सगळं सांगितलं. ऑफिसाला सूचना पाठवायच्या होत्या, उदाहरण पाहिजे होतं, खोक्यावरचा पत्ता, सगळं. सम्राट दारात उभा राहून ऐकत होता.

"म्हणजे एवढे दिवस मी डिक्शनरी मांडीवर घेऊन तुझ्याशी बोलत होतो?"

"तुझं इंग्रजी बरंच सुधारलंय," मी म्हणाले. तो आत निघून गेला.

आई डाळच निवडत होती. मग ताट बाजूला सारलं.

"मंग ते आई न्हाई म्हनलीस, ते बी तूच?"

"घाईत लिहिलं गं."

"मी हितं जिती बसलीया. आनि तू आई न्हाई म्हनलीस."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्याजवळ खाली बसले आणि पदराचं टोक हातात धरलं, लहानपणी धरायची तसं. तिने ते काढून घेतलं नाही. गोजरबाई कुंपणावरून डोकावल्या आणि वातावरण बघून परत गेल्या. त्यांच्या बाबतीत हे क्वचित घडतं.

त्या गेल्यावर आई म्हणाली, "मी त्या बाईला सांगितलं ते समदं वाचलंस?"

"हो."

"जीपचं?"

"हो."

"लग्नाचं बी?"

"ते पण."

"ते इसर. लग्न करायलाच पायजे."

आणि मग ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग तिला डोळे पुसावे लागले. तिचं हसू बघून मला रडू आलं. ती म्हणाली, "मेनबत्ती इजव जा. तुज्याच नावानं जळतीया." मी उठून विझवली. त्या दिवशी आम्ही तिघं एकत्र जेवलो, आणि मी एरवीसारखी घाई न करता बसून जेवले म्हणून आईने दोनदा वाढलं.

जेवताना सम्राट म्हणाला, "त्या डोलोरेसला काय कळवू? परत पाठव म्हणू?"

"काय म्हनती ती बाई?"

"म्हणते, ऑफिसात एसी इतका असतो, की उन्हाळ्यातसुद्धा स्वेटर घालून बसावं लागतं. पांघरूण कुणाचं ते कळेपर्यंत दोन दिवस गुडघ्यांवर घेतलं, त्याबद्दल माफ करा."

"मंग ऱ्हाऊ दे तिच्याच गुडघ्यांवर."

"आई, आजीचं लुगडं आहे त्यात," मी म्हणाले.

"तुजी आजी नागपूरपतूर गेल्ती. आता आमेरिकेला गेली. हौसंची बाई हुती, तिला बरंच वाटंल."

डोलोरेसला तसं कळवलं. तिने पैसे पाठवायचा आग्रह धरला, आईने नको म्हणायचा. दोन्हीकडचा आग्रह सम्राटच्या इंग्रजीतून जायचा, त्यामुळे कोण काय म्हणतंय हे काही दिवस कुणालाच कळेना. शेवटी डोलोरेसने वेगळीच वाट काढली. तिच्या ऑफिसातल्या बायकांनी एकामागून एक ऑर्डरी पाठवल्या. आईने गोजरबाईंना मदतीला घेतलं आणि गल्लीतली जुनी लुगडी महाग झाली.

मी सूचना लिहिल्या. लहान कारागिराला एकदाच सोप्या नोंदणीत घ्यावं, माल जिथे पोचतो तिथल्या सरकारने कराचं बघावं, आणि देशादेशांनी, राज्याराज्यांनी आपसात बोलून नियम एकसारखे करावेत, असं बरंच काही. माझ्या दृष्टीने ते लिखाण चांगलं होतं. साहेबांना सगळी हकीगत सांगितली तेव्हा ते आधी हबकले. "म्हणजे ग्राहक सरकारी, माल खाजगी, आणि पोस्टात मी?" मग बराच वेळ त्यांनी माझं लिखाण चाळलं, आणि सगळं गाळून एकच वाक्य ठेवलं, की या विषयावर अधिक अभ्यासाची आवश्यकता आहे. वर ते फार आवडलं म्हणे.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी आईला सहज म्हणाले, "मलाही एक गोधडी शिव ना."

"आर्डर दे," आई म्हणाली. "समदी देत्यात तशी, कम्प्युटरवरनं. आनि नाव खरं घाल."

मी सावेडीला जाऊन रीतसर ऑर्डर दिली. नाव यशोधरा, गाव नगर. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की या सबंध भानगडीत आमच्या हद्दीत झालेली विक्री ही एवढीच. तीही उलाढालीच्या मर्यादेच्या आतली, म्हणजे कर शून्य. सम्राटचं इंग्रजीत उत्तर आलं: प्रिय मॅडम, आपल्या ऑर्डरबद्दल आभारी आहोत, ओहायोची मागणी पूर्ण झाल्यावर आपला क्रमांक घेण्यात येईल.

मी आईला फोन करून म्हटलं, की मी तुझी मुलगी आहे, काही सवलत आहे की नाही. आई म्हणाली, "सरकारी मानसांना येगळी रांग न्हाई."

तो हिवाळा मी दुकानातल्या ब्लँकेटवर काढला. नगरची थंडी संपली, उन्हं तापायला लागली. ओहायोत म्हणे अजून पुष्कळ थंडी होती.